बालवाडीपासून पासष्टीपर्यंत विद्यार्थी असणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सकाळी लालबागला एका बालवाडीत असते आणि संध्याकाळी साडेसहाला परळच्या बाजूच्या एका रात्रशाळेत मराठी नि गणित शिकवते, सतरा वर्षं झाली. म्हणजे सकाळी तीन वर्षांची पोरं आणि रात्री सतरापासून पंचावन्नपर्यंतची माणसं. दोन्हीकडे लोक तेच तेच प्रश्न विचारतात, गेटवर, लोकलमध्ये, रात्री अकराला व्हॉट्सॲपवर, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून ठेवू.

मूल अडीच वर्षांचं झालं. शेजारची मुलगी एबीसीडी लिहिते, आमचा अजून पेन्सिल धरत नाही. मागे पडेल का?

नाही पडणार. तीन वर्षांच्या मुलाचा हात लिहायला तयारच नसतो. मनगटात आठ छोटी हाडं असतात ना, ती जन्माच्या वेळी नुसती मऊ, लवचिक कूर्चा असतात, मग एकेक करत त्यांची हाडं होतात आणि हे काम पार दहा-बारा वर्षांपर्यंत चालतं. त्या मनगटाला तुम्ही रेघांच्या मधोमध अ काढायला लावता, मूल रडतं, आणि आपण म्हणतो याला अभ्यासाची आवड नाही.

त्यापेक्षा कणीक मळायला द्या, मटार सोलायला द्या, कपड्यांचे चिमटे लावायला द्या. बोटांत जोर आला की पेन्सिल आपोआप धरतं.

बालवाडीत नुसते खेळतात, मग शिकतात कधी? फी कशाची घेता?

हे मला दर जूनमध्ये ऐकावं लागतं आणि खरं सांगायचं तर वाईट वाटतं. गेल्या आठवड्यातलंच सांगते. एका वाटीतला राजमा चमच्याने दुसऱ्या वाटीत टाकायचा, एवढंच काम. एक मुलगा, वय तीन वर्षं दोन महिने, बसला. एक दाणा सांडला, बाकाखाली गेला, हा मागोमाग बाकाखाली, दाणा घेऊन आला, वाटीत टाकला, परत चमचा उचलला. मध्येच मोजतोय, एक, दोन, पाच, सात. वीस मिनिटं. कोणी शाबास म्हटलं नाही, कोणी स्टार दिला नाही, तरी वीस मिनिटं तो जागचा हलला नाही. आता तुम्हीच सांगा, मोठ्या माणसांपैकी किती जण फोन न बघता वीस मिनिटं एका कामाला बसतात?

आपल्याकडे हे नवीन नाहीये हो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि नंतर कोसबाडला त्यांच्या सहकारी अनुताई वाघांबरोबर हेच केलं, मुलं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची, तिथल्या बिया, पानं, शंख-शिंपले हेच साहित्य. अंगणवाडी हा शब्द तिथूनच आला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना त्यानंतर तीस वर्षांनी आली, २ ऑक्टोबर १९७५ ला. आणि २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणातही तीन ते आठ वर्षं हा सगळा एकच पायाभूत टप्पा धरलाय, म्हणजे बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी मिळून. खेळ हाच अभ्यास असं तिथेही मान्य केलंय.

पहिलीत गेल्यावर नेमकं काय बदलतं?

बाक मिळतो, हजेरीपटात नंबर मिळतो, आणि वेळ दुसऱ्याच्या हातात जाते. बालवाडीत मूल ठरवतं की आता राजमा, इथे घंटा ठरवते की आता गणित. हे शिकायलाच सहा महिने जातात, तेवढे जाऊ द्या. आणि मूल पेंगत असेल तर आधी झोप बघा, ट्यूशन नंतर. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितलं ते याच कारणाने, रात्री घरात सगळे जागे असतात, टीव्ही चालू असतो, चाळीत तर शेजारच्यांचाही, मग मूल झोपणार कधी.

अजून एक, घरातल्या मोठ्यांना कळलं पाहिजे की त्यांच्या वेळची शाळा आता नाही. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावन्नला पन्नास दोन, त्रेसष्टला साठ तीन असं वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गोंधळ झाला आठवतंय ना? आजोबा म्हणतात मराठी बुडाली, मूल म्हणतं बाईंनी असंच शिकवलंय. मी बालवाडीत दोन्ही म्हणून घेते, कारण एकोणसाठ नि एकोणसत्तरमध्ये अडकलेली मुलं मी पाहिलीत, आणि भाजीवाल्याकडे बावन्नच ऐकू येणार हेही खरं आहे.

मराठी मिडियम की इंग्लिश?

मुंबई महापालिकेच्या शाळा आठ भाषांमधून चालतात, म्हणजे या शहरात पर्याय आहेत. माझं मत विचारलंत तर ज्या भाषेत मूल वर्गात हात वर करून "मला नाही कळलं" म्हणू शकतं त्या भाषेत घाला. बाकी युनिफॉर्म, टाय, बिल्डिंग हे सगळं नंतर.

मुलगा पाचवीपर्यंत घरी येऊन सगळं सांगायचा, सातवीत एकदम गप्प झाला. अभ्यासाचं विचारलं की "येतं मला" म्हणतो आणि मार्क मात्र कमी. काय झालं असेल?

माझ्या मते विद्यार्थी म्हणून माणसात सगळ्यात मोठा बदल इथे होतो. दहावीला नाही, कॉलेजला नाही, इथे.

तीन वर्षांचं मूल दिवसभर "का" विचारतं. पाऊस का पडतो, आजोबांना दात का नाहीत, लोकलला स्टिअरिंग का नाही. त्याला माहीत नसण्याची लाजच नसते. सातवीपर्यंत त्याला कळलेलं असतं की वर्गात न येणं म्हणजे हसं. मग ते येत नाही हे लपवायला शिकतं, आणि लपवणं जमलं की विचारणं बंद. "येतं मला" हे जे वाक्य आहे ना, ते नव्वद टक्के वेळा "विचारू नका" असं असतं.

माझं स्वतःचं सांगते. सातवीत ऋण संख्या चालू होत्या. उणे गुणिले उणे अधिक कसं काय, मी उभी राहून विचारलं. सर म्हणाले, नियम आहे तो, पाठ कर, आणि वर्गाकडे बघून हसले, वर्ग हसला. एवढंच झालं. मारलं नाही, काही नाही. पण त्यानंतर मी वर्गात प्रश्न विचारला तो थेट बीएडला, मधली दहा वर्षं गप्प. आज माझ्याकडे रात्री येणारे जे लोक आहेत त्यातल्या जवळजवळ प्रत्येकाकडे असा एक प्रसंग आहे, कोणत्या इयत्तेत, कोणता तास, कोण हसलं, सगळं पाठ आहे त्यांना.

म्हणून मुलाला "काय आलं नाही" असं विचारू नका, "आज वर्गात कोणी काय विचारलं" असं विचारा. आणि तुम्हाला स्वतःला येत नसेल तर त्याच्यासमोर म्हणा, मला नाही माहीत, चल बघूया. बापाने हे म्हटलेलं मुलाने ऐकलं पाहिजे, फार फरक पडतो.

दहावीचं वर्ष आहे. केबल बंद केली, लग्नाकार्याला जाणं बंद केलं, अजून काय करू?

पहिलं म्हणजे केबल परत चालू करा. पूर्ण घर सुतकात असल्यासारखं वर्षभर राहिलं की पोराला अभ्यासापेक्षा घरच्यांचंच टेन्शन येतं.

दुसरं, अभ्यास कसा करतो ते बघा. बहुतेक मुलं तोच धडा पाच वेळा वाचतात, पिवळ्या पेनाने रंगवतात आणि समजतात की झालं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला होता, काही मुलांना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना एकदा वाचून मग न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे घोकून आत्मविश्वास येतो पण टिकत नाही. पुस्तक बंद करायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग उघडून बघायचं काय सुटलं. फुकट आहे, क्लास लागत नाही.

आता जागेचं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं, अभ्यास कुठे करायचा, हा मुंबईचा खरा प्रश्न आहे आणि तो आजचा नाही. बाबासाहेब परळच्या चाळीतल्या खोलीत राहून शिकले, शाळा सुटली की चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचे. आजही वॉर्डातली अभ्यासिका असते, देवळाचं सभागृह असतं, गणेशोत्सव मंडळाची खोली असते जी वर्षातले दहा-बारा दिवस सोडले तर रिकामी असते. मंडळाच्या अध्यक्षांना जाऊन विचारा, आमच्या गल्लीत दिली त्यांनी, पंखा पण लावला.

नापास झाला तर?

पस्तीस नाही पडले तर पुरवणी परीक्षा आता निकालानंतर लगेच जून-जुलैत होते, पूर्वीसारखी ऑक्टोबरची वारी नाही. शाळाच सुटली असेल तर १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. रात्रशाळा आहेच. रडून झालं की या भेटायला.

मुलगी कॉलेजला गेली, हजेरीला कोणी फोन करत नाही, ही लेक्चरला बसते की नाही कळत नाही. शाळेतली हुशार मुलगी एफवायला केटी कशी लागली?

शाळेत कोणीतरी मागे लागलेलं असतं. बाई, आई, क्लासचे सर. बारावीपर्यंत मुलगी हुशार असते पण त्यात मागे लागणाऱ्यांचा वाटा किती आणि तिचा किती हे तिलाही माहीत नसतं. कॉलेजात मागे लागणारे एकदम गायब होतात. केटी लागणं, म्हणजे विषय राहून पुन्हा परीक्षा द्यावी लागणं, हे बऱ्याचदा बुद्धीचं नसतं, स्वतःचं वेळापत्रक स्वतः बनवायची सवयच नसते म्हणून होतं. एक सेमिस्टर जाऊ द्या, ओरडू नका, पण एक विचारा, की तुझा आठवडा मला कागदावर काढून दाखव. काढता आला नाही तर तिथून सुरुवात.

आणि हो, विषयच आवडत नसेल तर नव्या धोरणात मधून बाहेर पडायची सोय आहे, एक वर्ष केलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षांना डिप्लोमा, तीनला डिग्री, चार केलीत तर ऑनर्स. क्रेडिट जमा राहतात. पण अर्धवट सोडणं ही सोय आहे म्हणून सोडू नका एवढंच म्हणेन.

नोकरी लागली. आता तरी शिकणं संपलं ना?

परीक्षा संपली. शिकणं तिथे दुसऱ्या रूपात सुरू होतं, कारण तिथे कोणी सिलॅबस देत नाही, बाजूच्या टेबलवरच्याला विचारून विचारूनच शिकावं लागतं. ज्याने सातवीत विचारणं सोडलं तो इथे पुन्हा अडतो. नवीन सॉफ्टवेअर आलं की तो सगळ्यांबरोबर मान हलवतो आणि मग रात्री एकटा यूट्यूब बघत बसतो.

वय ४३. आता डोकं चालत नाही, पाठ होत नाही. खरंच जमेल का?

पाठांतराचा वेग कमी होतो, हे खरं आहे, उगाच गोड बोलत नाही. नवीन गोष्ट झटकन पकडणं विशी-तिशीनंतर हळू होत जातं. पण शब्दसंग्रह, अनुभव, नवं जुन्याशी जोडून घेणं, ते वाढतच राहतं, बऱ्याच लोकांत साठीपर्यंत. आणि मेंदू बदलायचा थांबत नाही. लंडनच्या टॅक्सीवाल्यांना हजारो रस्ते तोंडपाठ करावे लागतात, २००० मध्ये त्यांच्या मेंदूचे स्कॅन काढले तर वाटा-जागा लक्षात ठेवणारा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका जास्त. ही सगळी मोठी माणसं होती, शाळकरी मुलं नाहीत.

आता आमच्या वर्गातलं सांगते. एक ताई आहेत, त्रेचाळीसच्या, हॉस्पिटलात हाऊसकीपिंगला, सात ते तीन ड्युटी, मग दोन घरची कामं, मग शाळा. आठवीत असताना शाळा सुटलेली. सरळव्याजाचा तास होता. फळ्यावर लिहिलं, मुद्दल १५,००० रुपये, द.सा.द.शे. १२, मुदत २ वर्षं, व्याज काढा. ताई वहीकडे बघत बसल्या, पेन उघडलं नाही. मी बाजूला जाऊन बसले, विचारलं काय होतंय. खूप वेळाने, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बाई, हे दसादशे म्हणजे काय ते मला कधी कळलंच नाही." म्हटलं, दर साल दर शेकडा, म्हणजे शंभराला वर्षाचे बारा. त्या म्हणाल्या, "म्हणजे शेकडा महिन्याला एक रुपया?" हो. "अहो मग दीडशे रुपये महिना झाला की, चोवीस महिन्यांचे छत्तीसशे." फळ्यापर्यंत मी पोचायच्या आत उत्तर. पंधरा वर्षं चाळीतली भिशी त्या सांभाळतायत, एका पैशाची चूक नाही. गणित येत होतं. एक शब्द अडला होता, तीस वर्षं, आणि तो विचारायचा राहिला होता.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मोठ्या माणसाला मी पहिल्या महिन्यात पुस्तक कमी आणि हे जास्त शिकवते, की वर्गात मोठ्याने म्हणायचं, थांबा, कळलं नाही. काहींना ते म्हणायला दिवाळी उजाडते.

रात्रशाळेत येतं कोण? दिवसा शाळा असताना रात्री कशाला?

जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रशाळा काढली ती याच साध्या हिशोबाने, की माणूस दिवसा पोटामागे असतो. मुंबईत गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी संपवून कामगार यायचे, माझ्या सासऱ्यांचे दोन मित्र असेच मॅट्रिक झाले. आता गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत आणि त्याच टॉवरमधले लिफ्टमन, डिलिव्हरीची मुलं, कँटीनमधली मुलं, घरकाम करणाऱ्या बायका येतात. बोर्ड तेच, पेपर तोच, सर्टिफिकेटवर रात्र असं काही लिहिलेलं नसतं.

मला डिग्री करायची आहे पण नोकरी सोडू शकत नाही. वेळ आणि पैसा?

मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण १९७१ पासून आहे, लोक अजून आयडॉल म्हणूनच ओळखतात, आता नाव बदललंय, ऑफिस कलिनालाच. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ चं, त्याची अभ्यास केंद्रं मुंबईतही आहेत. केंद्र सरकारचं स्वयम् नावाचं पोर्टल आहे तिथे कोर्स फुकट बघता येतात, सर्टिफिकेट हवं तर परीक्षेची फी. एक ध्यानात ठेवा, रेल्वेची विद्यार्थी सवलत साधारण पंचवीस वयापर्यंतच मिळते, त्यामुळे चाळिशीत शिकणाऱ्याला पास पूर्ण दराचाच. हे मला पटत नाही, पण आहे ते असं आहे.

वेळेचं म्हणाल तर रविवारी सहा तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं पहिल्या दिवसातच किती भराभर गळून जातं, आणि थोडं थोडं अंतर ठेवून केलेलं जास्त टिकतं. कल्याण-दादर प्रवासात उभं राहून वही उघडता येत नाही हे मला माहीत आहे, पण काल वाचलेलं डोळे मिटून आठवता येतं, त्याला जागा लागत नाही.

आई अडुसष्टची आहे, म्हणते मला वाचायला शिकव. आता या वयात काय उपयोग?

उपयोग तिला विचारा. बसचा नंबर वाचायचा असेल, औषधाची पट्टी वाचायची असेल, पोथी वाचायची असेल, बँकेत अंगठ्याऐवजी सही करायची असेल. मुरबाड तालुक्यात फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली, साठ ते नव्वदच्या आज्या, गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन. साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यांनी एकदा त्यांच्या पाट्या बघाव्यात. आणि उल्लास नावाचा साक्षरतेचा सरकारी कार्यक्रम आहे, पंधरा वर्षांवरच्या कोणालाही, वाचन-लेखन-संख्याज्ञानाची चाचणीही होते.

माझी आई दुसरीपर्यंत शिकलेली. सदुसष्टाव्या वर्षी म्हणाली मला तुझ्यासारखा मेसेज करायचाय. तीन आठवडे लागले. ळ कुठे आहे ते सापडायचं नाही, बोट जाड पडायचं, दोन अक्षरं एकदम उमटायची. एका रात्री शाळेत एक तास संपून दुसरा सुरू व्हायच्या मध्ये फोन वाजला, बघते तर "जेवलिस का". त्या लि ला मी आजपर्यंत हात लावलेला नाही, म्हटलं असू दे ऱ्हस्व.

आईबाबांना फोन शिकवताना माझा तोल जातो. किती वेळा तेच तेच सांगायचं?

तुम्हाला चमचा धरायला किती वेळा शिकवलं असेल त्यांनी? फोन त्यांच्या हातातून घेऊन "हे बघ असं" करून परत देऊ नका, कितीही वेळ लागला तरी बोट त्यांचंच फिरू द्या. आणि नातवंडांसमोर "अगं आई किती वेळा" म्हणू नका. सातवीतलं ते हसणं आठवा. सत्तरीतही माणूस तसाच गप्प होतो, फक्त मग परत विचारायला त्याच्याकडे तेवढी वर्षं नसतात.

रात्रशाळेत यायचं ठरवलंय. पहिल्या दिवशी काय आणू?

शाळा सोडल्याचा दाखला असेल तर आणा, हरवला असेल तर तसेच या, जुन्या शाळेतून दुसरी प्रत कशी काढायची ते आम्ही सांगतो. आधार कार्ड, दोन फोटो, एक दोनशे पानी वही, निळं पेन. चाळिशी ओलांडली असेल तर आधी डोळे तपासून घ्या, अर्ध्या लोकांना अक्षर येत नाही असं वाटत असतं आणि खरं तर चष्मा लागलेला असतो. कामावरून सरळ येणार असाल तर वाटेत वडापाव तरी खाऊन या, उपाशी पोटी साडेआठला झापड येते. आणि गाडी लेट झाली, तास सुरू झालेला दिसला तरी दारातून परत फिरू नका. पुढचा बाक रिकामा असतो, आत येऊन बसा.